डावीकडची चाकं

मंगळवार, ४ मार्च

दैनंदिनी लिहायचा मला मुळीच सोस नाही. पण चाकांवर केलेलं काम मी विसरतो. मग धाकटा विचारतो, "दादा, मागच्या वेळी कड किती घासली होतीस?" आणि मी छताकडे बघत बसतो. स्पर्धा एप्रिलच्या पहिल्या रविवारी आहे, तोवर तरी लिहून ठेवावं म्हणतो.

आमच्या गाड्या हातभर लांबीच्या, रिमोटवर चालणाऱ्या. त्या सरळ पळवायच्या नसतात, वळणावर आडव्या घसरवत न्यायच्या असतात. म्हणून चाकांना रबर चालत नाही. कडक प्लास्टिकच्या पाइपाची कडी कापायची, गरम पाण्यात ठेवून रिमवर चढवायची, गार झाली की ती आवळून बसते. खरी कारागिरी त्यापुढची: कड किती गोल करायची, रुंदी किती ठेवायची, चाक गाडीच्या बाहेर किती काढायचं. केसभर चुकलं की गाडी रुसते. हे सगळं धाकट्याच्या घरामागच्या शेडमध्ये, त्याच्या लेथवर चालतं. तो कारखान्यात टर्नर आहे. डोकं माझं, हात त्याचा.

धावायचं जोडीने. पुढची गाडी त्याची, मागची माझी. मागच्याने पुढच्याच्या अंगाला चिकटून, तसाच कोन धरून जायचं. वाटेत उभ्या केलेल्या बुटक्या खांबांच्या अगदी जवळून जायचं, पण धक्का लागता कामा नये. आम्ही दोघं जन्मभर भांडत आलो. गाड्या चालवायच्या ओट्यावर शेजारी उभे राहिलो की तेवढा वेळ भांडण नसतं. म्हणून त्या रविवारांवर माझा जीव आहे.

मागच्या आठवड्यात डोकं भयंकर दुखलं, उलट्या झाल्या, पडून राहावं लागलं. तेवढ्यात व्हॅन दुसऱ्या कुणीतरी चालवली. आमचं केंद्र म्हाताऱ्या माणसांसाठी आहे. त्यांना सकाळी घरून आणायचं, संध्याकाळी सोडायचं, हे माझं काम. परत गेलो तर सीट पुढे ओढलेली, डावा आरसा भलतीकडे फिरवलेला. दुसऱ्याच्या गाडीची लोकांना कदर नसते.

रविवार, ९ मार्च

क्लबच्या गोदामात सराव. सिमेंटची जमीन आरशासारखी घोटलेली आहे. ओट्यावरून उजव्या टोकाचं वळण मी असं घेतलं की पंचांनी मान डोलावली. डाव्या टोकाला गाडी थेट खांबावर. दुसऱ्या फेरीला पुन्हा. तिसऱ्या फेरीला खांब आडवा झाला आणि धाकट्याच्या गाडीचं मागचं दारही फुटलं.

खांब कुठे आहे ते मला झोपेतही सांगता येईल. तरी गाडी जाते ती त्याच्यावरच. डावीकडची चाकं जास्त पकडतात, दुसरं काय! घरी आल्यावर बोट फिरवून पाहिलं, डाव्या कडा जरा चौकोनी वाटल्या.

मंगळवार, ११ मार्च

डावीकडच्या दोन्ही चाकांच्या कडा कानशीने गोल केल्या, वर बारीक पॉलिश पेपर फिरवला. हाताला गुळगुळीत लागतात. काम मनासारखं झालं.

जेवताना ही म्हणाली, "भाजी आवडली नाही का?" मी म्हटलं, "वाढलीस कुठे?" तिने ताट फिरवलं, तर भाजी होती. गप्पांच्या नादात लक्ष गेलं नसेल. दाराची चौकट मात्र खांद्याला सणकून लागली. या घराची दारं बांधली त्याला एकदा भेटायचं आहे.

शुक्रवार, १४ मार्च

आज सिग्नलजवळ डावीकडून एक सायकलवाला कुठून उगवला देव जाणे. व्हॅनच्या अंगावर जोरात थाप मारली त्याने आणि तोंडाला येईल ते बोलला. आरसा पुन्हा नीट करून घेतला, तरी मनासारखा बसत नाही. हल्ली रस्त्यावर सगळेच जिवावर उदार झालेत. मी गाडी हाकतो ती डोळ्यात तेल घालून. अजून कुणाला ओरखडा नाही.

व्हॅनमध्ये काठीवाल्या आजी आहेत, त्या रोज मला विचारतात, "काय हो, तुमची ती खेळण्यातली गाडी काय म्हणते?" मी सांगतो, "रुसली आहे." त्या म्हणतात, "समजूत काढा मग."

रविवार, १६ मार्च

समजूत निघालेली नाही. डाव्या टोकाला चार वेळा खांब पाडला.

धाकटा म्हणाला, "दादा, आपण गोल फिरतो ते एकाच दिशेने. दोन्ही टोकांना वळण डावीकडेच आहे. चाकात दोष असता तर उजव्या टोकालाही दिसला असता."

"लांबून घसरत येताना चाकं तापतात," मी म्हटलं. "तिथे पोचेपर्यंत पकडायला लागतात."

"सगळी चाकं तापतील ना मग. डावीच कशी?"

त्याला लेथ कळतो, गाडी कळत नाही. पण आज तो नुसतं बोलून थांबला नाही, माझ्याकडे बघत राहिला. आई आजारी असताना तिच्याकडे बघायचा तसा. मला ते आवडलं नाही.

गुरुवार, २० मार्च

शेडमध्ये गेलो. डाव्या चाकांची रुंदी आणखी कमी करायला सांगितली आणि आत एक चकती घालून चाकं बाहेर काढायला. धाकट्याने लेथ लावला नाही. चारही चाकं टेबलावर मांडून मोजली.

"दादा, ही आता चार तऱ्हेची झालीत. असली चाकं कुणी आणली असती तर तूच त्याला हाकलला असतास."

"तू कर. जबाबदारी माझी."

"जबाबदारी म्हणजे काय करणार आहेस?"

मी चिडलो. त्याने केलं शेवटी, पण तोंड पाडून. निघताना दाराशी ठेवलेल्या पत्र्याच्या पिंपाला मी धडकलो, पिंप गडगडत गेलं. पायात पसारा ठेवायची त्याची सवय काही जात नाही. तो म्हणाला, "पिंप तिथेच असतं, दादा. सुरुवातीपासून."

रविवार, २३ मार्च

आज क्लबात तालीम होती, खऱ्या स्पर्धेसारखी, गुण देऊन. धावून झालं आणि भिंतीवरच्या फळ्यावर लाल आकडा लागला: दोन. शंभरापैकी दोन! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ओट्यावरून उतरून सरळ पंचांकडे गेलो. म्हटलं, "अहो, नवशिक्यालाही कुणी दोन गुण देत नाही! काही लाज आहे की नाही?"

पंच गोंधळले. म्हणाले, "बासष्ट दिलेत. कमी वाटतात का?"

वळून पाहिलं तर फळ्यावर बासष्ट. मी आवाज चढवल्याबरोबर बदलले, दुसरं काय. सगळे माझ्याकडे बघत होते, कुणीतरी हसलंही. धाकट्याने माझं कोपर धरलं आणि बाहेर घेऊन गेला. रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

"आकडा दोन दिसला तुला?" त्याने दोनदा विचारलं.

"होता म्हणून दिसला."

 

बुधवार, २६ मार्च

आजचं लिहू नये असं वाटतंय.

काठीवाल्या आजी चढत होत्या. व्हॅनमधल्या मदतनीस बाईंनी "चला" म्हटल्याशिवाय मी कधी हलत नाही, इतकी वर्षं हाच नेम आहे. आज त्यांनी म्हटलं असं मला वाटलं. दरवाजाकडे पाहिलं होतं मी. नक्की पाहिलं होतं, कुणी नव्हतं. गाडी हलली आणि बाई किंचाळल्या. आजींचा एक पाय पायरीवर होता, एक खाली. त्या पायरीवर आपटल्या, गुडघा फुटला, काठी चाकाखाली मोडली.

मी धावत जाऊन त्यांना उचललं. त्या म्हणाल्या, "मी तुमच्याकडे बघून हात केला की हो. तुम्ही पण बघितलंत." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, तेच जास्त लागलं.

बाईंना मी म्हटलं, वर कळवू नका. त्या बरं म्हणाल्या, पण दिवसभर माझ्या नजरेला नजर दिली नाही. आता मी प्रत्येक थांब्यावर खाली उतरून बघणार. दमलोय मी, बाकी काही नाही. स्पर्धा झाली की रजा घेईन.

हिला सांगितलं नाही. ती हल्ली जेवण अर्ध्यावर आलं की माझं ताट फिरवून देते. सवयच लागली आहे तिला.

रविवार, ३० मार्च

धाकट्याने आज क्लब उघडायच्या आधी बोलावलं, फक्त आम्ही दोघं. माझ्या गाडीला त्याने चाकं बसवूनच ठेवली होती. म्हणाला, "चालव." चालवली. डाव्या टोकाला खांब पडला.

"पुन्हा." पुन्हा पडला.

मग त्याने ओटा धरला. लाकडी ओटा, एरवी चौघे लागतात. एकटाच ओढत, घाम गाळत त्याने तो गोदामाच्या पलीकडच्या भिंतीला नेला. मी मदतीला गेलो तर म्हणाला, "तू रिमोट धर फक्त." खांब जागचे हलवले नाहीत, गाडीला हात लावला नाही. म्हणाला, "आता इथून चालव. दिशा तीच ठेव."

मी चालवली. जो खांब महिनाभर पाडत होतो त्याला गाडी अशी घासून गेली की कागद सरकला नसता मधून. मला इतका आनंद झाला! मी ओरडलो, "बघ! जमलं!" आणि गाडी दुसऱ्या टोकाच्या खांबावर आदळली. ज्या टोकाला माझं कधी म्हणजे कधी चुकलं नव्हतं तिथे.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

धाकटा ओट्याच्या पायरीवर बसला. म्हणाला, "गाडीवर नवी चाकं आहेत, दादा, चारही सारखी. तू कानस लावायच्या आधी होती तशीच."

"मग जमीन खराब असेल. दोन्ही टोकांना."

त्याने तोंडावरून हात फिरवला. "तू जिथे उभा राहतोस तिथून जे डावीकडे असतं तेच पडतं. जमीन तुझ्याबरोबर फिरते का?" आणि मग, "उद्या व्हॅन काढू नकोस. डोळे दाखवून ये. वहिनींना घेऊन जा."

माझे डोळे उत्तम आहेत. मला लांबच्या पाटीवरची बारीक अक्षरं दिसतात, त्याला दिसत नाहीत. मी त्याला तसं सांगितलं आणि निघून आलो. कारखान्यातला एक जण जोडीत यायला कधीचा टपलेला आहे. मला बाजूला काढायचं तर सरळ सांग ना. ओटे कसले हलवतोस!

सोमवार, ३१ मार्च

धाकट्याने हिचे कान भरलेत. सकाळी ही तयार होऊन व्हॅनजवळ उभी. म्हणाली, "आज मला रजा आहे, तुमच्याबरोबर एक फेरी मारते." इतक्या वर्षांत कधी आली नाही. पुढे माझ्या शेजारी बसली आणि सगळी वाट "अहो सायकल", "अहो थांबा", "अहो बघा ना". मी म्हटलं, गाडी कोण चालवतंय? मग डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरून बसली. केंद्रापाशी उतरली तेव्हा चेहरा पांढराफटक. गाडी लागते तिला, पूर्वीपासून. बसने घरी गेली.

बुधवार, २ एप्रिल

केंद्राच्या साहेबांनी व्हॅनची किल्ली मागून घेतली. "डोळ्यांची तपासणी होईपर्यंत" म्हणे. कुणाचा तरी फोन आला होता. कुणाचा ते सांगत नाहीत. मला काय कळत नाही?

सख्खा भाऊ. ज्याला मी सायकल शिकवली, मागून धरून पळत. त्याने माझ्या पोटावर पाय आणला. व्हॅन सोडून मला दुसरं येतंय काय? या वयात मी कुठे हात पसरू?

फोन करून त्याला म्हटलं, आजपासून मला भाऊ नाही. तो एवढंच म्हणाला, "बरं. पण तपासून ये."

चारही चाकं कचऱ्यात टाकली. संध्याकाळी बघतो तर हिने उचलून धुऊन खिडकीत ठेवली होती.

रविवार, ६ एप्रिल

स्पर्धा आज होती. दिवसभर घरात. धाकटा एकटाही धावला नाही, असं पंचांचा फोन आला त्यातून कळलं. जेवण गेलं नाही.

बुधवार, ९ एप्रिल

तपासणी झाली. एका पांढऱ्या वाटीत तोंड घालून बसायचं, समोरच्या ठिपक्याकडे बघायचं आणि कुठेही उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. एक डोळा झाकून, मग दुसरा. मी प्रत्येक उजेडाला बटण दाबलं. एकही चुकवला नाही, अगदी खात्रीने सांगतो. मध्ये मध्ये बराच वेळ उजेड येतच नव्हता, तेव्हा यंत्र अडकलं असं वाटलं.

डॉक्टरीण बाईंनी कागद दाखवला. दोन वर्तुळं, दोन्ही डावीकडून अर्धी काळी.

मी म्हटलं, "यंत्र बिघडलंय. परत करा."

त्यांनी परत केलं, बिचारीने. तेच आलं. मग त्या सावकाश बोलल्या. डोळे चांगले आहेत. त्या डोकेदुखीच्या वेळी मेंदूत मागच्या बाजूला रक्त पोचलं नाही, तेवढा भाग गेला, त्याबरोबर डावीकडचं दिसणंही. तिथे काळोख दिसत नाही, म्हणून माणसाला कळत नाही. काही नाहीच असं वाटतं. परत येण्याची आशा फारशी धरू नका. गाडी चालवायची नाही.

"कधीपर्यंत?" मी विचारलं. त्यांनी हिच्याकडे पाहिलं.

गुरुवार, १० एप्रिल

दुपारी ही मला बाकावर बसवून चहा ठेवायला गेली. मी एकटाच होतो खोलीत. रडू आलं. आई गेली तेव्हाही असा रडलो नव्हतो. मोठ्याने बोलायलाही लागलो. धाकट्याला शिव्या दिल्या, त्याने फोन केला नसता तर निदान निवृत्तीपर्यंत रेटलं असतं, कुणाला कळलं नसतं. मग म्हटलं, हिच्या पगारावर बसून खायचं आता, हिला मी ओझं होणार, ती दाखवणार नाही पण होणार. नाक पुसायला रुमाल सापडेना, शर्टालाच पुसलं. कुणी बघणारं नव्हतं.

खूप वेळाने माझ्या डाव्या हातावर एक हात आला. मी दचकलो. मान पूर्ण वळवली तेव्हा ती दिसली. बाकावर, मला खेटून. तिचे गाल ओले होते आणि मांडीवरच्या कपातल्या चहावर साय धरली होती.

"केव्हा आलीस?"

"मघाशीच. तुम्ही बोलायला लागायच्या आधी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती म्हणाली, "फोन भाऊजींनी नाही केला. मी केला होता. तुमच्याबरोबर व्हॅनमधून आले त्या दिवशी, बसथांब्यावरूनच."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी विचारलं, "काय दिसलं होतं तुला त्या दिवशी?"

"जाऊ दे ना आता."

"सांग."

तिने सांगितलं. शाळेच्या कोपऱ्यावर एक बाई बाबागाडी घेऊन रस्त्यात उतरली होती, ती मागे सरकली म्हणून वाचली. सिग्नलला एका मुलीची सायकल फुटपाथवर चढली, मुलगी पडली. मी गाणं गुणगुणत होतो तेव्हा. पुढे एक म्हातारा हात वर करून उभा होता, मी थांबलो नाही, त्याने व्हॅनला हाताने ढकलून स्वतःला मागे केलं. आणखी सांगणार होती, मी तिचा हात दाबला तेव्हा थांबली.

ती एक फेरी होती. त्याआधी महिनाभर मी रोज जात होतो आणि माझ्या शेजारी ओरडायला कुणी नव्हतं. त्या दिवसांत तिकडे कोण कोण होतं, कुणाचं काय झालं, हे मला आता कुणालाही विचारता येणार नाही. मी खूप आठवून पाहिलं. प्रत्येक वेळी रस्ता रिकामाच आठवतो.

हिला धाकट्याला फोन लावायला सांगितला. तिने लावून माझ्या उजव्या हातात दिला. "दादा?" तो म्हणाला. मला बोलता येईना. त्याने फोन ठेवला नाही.